काळ्या फितीतला वेताळ

दिवाळी अंकात एक तरी भुताची गोष्ट हवी, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. फराळाच्या ताटात अनारशाशेजारी झणझणीत शेव लागते, तसेच हे. बाहेर पणत्या लावलेल्या असतात, घर पाहुण्यारावळ्यांनी भरलेले असते, स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत असतो. अशा वेळी भिण्यात एक सुख असते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्या दोघांनी मराठी घरांना हे सुख वर्षानुवर्षे पुरवले. त्यांची गोष्ट आधी कोणी वाचायची ह्यावरून भावंडांत जुंपायची, आणि वाचून झाल्यावर रात्री पाणी प्यायला एकटे उठायची कोणाची छाती होत नसे.

ह्या वर्षी आमच्या सदरातही भुतेच आहेत. मात्र ती वाड्यातली, विहिरीतली किंवा पिंपळावरची नव्हेत. ही भुते राहतात व्हिडिओ कॅसेटमध्ये.

घरात कॉलेजात जाणारी मुले असतील, तर त्यांच्या तोंडी 'फाउंड फुटेज' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. सापडलेली फीत, असा त्याचा सरळ अर्थ. चित्रपट सुरू होतो तो असा: कोणाला तरी एक फीत सापडते. ती ज्याने चित्रित केली तो माणूस बेपत्ता आहे किंवा मेला आहे. आपण पाहतो ते त्याने पाहिलेले. कॅमेरा त्याच्याच हातात, म्हणून चित्र हलते. पार्श्वसंगीत नाही, कारण जीव घेऊन पळणाऱ्या माणसामागे कोणी व्हायोलिन वाजवीत नाही. आणि कॅमेरा जमिनीवर पडून आडवा झाला, की समजावे, धरणारा संपला.

देवगिरीच्या किल्ल्यातली 'अंधारी' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्या प्रकाराची खुबी निराळी समजावून सांगायला नको. दगडात खोदलेला तो वळणावळणाचा मार्ग, डोक्यावर वटवाघळे, आणि वाटाड्याच्या हातातल्या मशालीचा हातभर उजेड. भीती त्या उजेडात नसते, उजेड जिथे संपतो तिथे असते. सापडलेल्या फितीचा चित्रपट हाच हातभर उजेड आपल्या हाती देतो आणि म्हणतो, आता चला पुढे.

चोर आणि फितींची रास

ह्या प्रकारातली आजची सर्वांत लांबलेली मालिका म्हणजे अमेरिकेतली 'व्ही/एच/एस'. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटचेच हे नाव. पहिला चित्रपट २०१२ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्यात एक गोष्ट नाही, गोष्टींचा गुच्छ आहे, आणि प्रत्येक गोष्टीचा दिग्दर्शक वेगळा. हा गुच्छ बांधणारा दोरा असा: काही भुरट्या चोरांना एक अनामिक गिऱ्हाईक काम देते. एका घरात शिरायचे आणि एक व्हिडिओ कॅसेट उचलून आणायची. घरात जाऊन पाहतात तो टी.व्ही. संचांसमोर खुर्चीत एक म्हातारा मरून पडलेला, आणि भोवती कॅसेटींची रास. हवी ती कोणती, हे ठाऊक नाही. मग एकेक कॅसेट लावून पाहायची. प्रत्येक कॅसेट म्हणजे एक कथा, आणि प्रत्येक कथेनंतर घरातले चोर एकेकाने कमी होत जातात.

पुढे ह्या मालिकेने एक युक्ती शोधली. तिने नावालाच साल जोडले. २०२१ मध्ये '९४', २०२२ मध्ये '९९' आणि २०२३ मध्ये '८५'. म्हणजे गोष्टी त्या त्या वर्षातल्या. त्या काळचे कपडे, त्या काळच्या जाहिराती, त्या काळचा धुरकट पडदा. चित्र आजच्या कॅमेऱ्याने घ्यायचे आणि मग ते मुद्दाम बिघडवायचे, रंग पसरवायचे, आडव्या रेघा उमटवायच्या, खरखर घालायची. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दोषांपायी आपण मेकॅनिकला शिव्या घालीत होतो, ते दोष आज पैसे खर्चून तयार करतात.

ह्या '८५' मधली एक गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकाला विशेष भिडेल. मेक्सिको शहरात १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मोठा भूकंप झाला, हजारो माणसे गेली. जीजी साऊल गेरेरो ह्या मूळच्या मेक्सिकन दिग्दर्शिकेने तीच सकाळ घेतली आहे. टी.व्ही.च्या स्टुडिओत सकाळचा हसराखेळता कार्यक्रम चालू आहे, आणि जमीन हादरते. वाचलेले लोक ढिगाऱ्याखालून वाट काढीत खाली उतरतात, तो शहराच्या पोटात त्यांना मृत्युदेवतेचे जुने ठाणे लागते. पुढचे सारे कल्पित; पण पहिला धक्का कल्पित नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्या माणसाला, किल्लारीचे नाव काढताच गप्प होणाऱ्या माणसाला, तो धक्का करमणुकीचा वाटेल असे आम्हांला वाटत नाही. जुन्या काळाची हौस करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कोणाचे तरी सोनेरी दिवस हे दुसऱ्या कोणाच्या तरी घरावरचे छप्पर कोसळण्याचे दिवस असतात.

एक सूचना इथेच करून टाकतो. ही मालिका घरच्यांनी एकत्र बसून पाहण्याजोगी नाही. तीत रक्तपात फार आहे आणि शिवराळपणाही आहे. मुलांनी विचारलेच तर 'तू मोठा झाल्यावर' असे बेलाशक सांगावे. आम्ही तिच्याबद्दल लिहितो आहोत ते ती पाहाच म्हणून नव्हे. तिने उचललेली कल्पना आपल्या अंगणातली आहे म्हणून.

पैठणचा राजा

अंगणातली म्हणजे अक्षरशः अंगणातली. छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. जुने नाव प्रतिष्ठान. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आल्या आहेत, आणि त्यांचा नायक राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, असे तिथे स्वच्छ सांगितले आहे. पुढे लोकांनी त्याला विक्रमादित्य केले, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली, आणि १९८५ मध्ये रामानंद सागरांनी तिचे 'विक्रम और बेताल' करून दूरदर्शनवर बसवले. ह्या प्रवासात राजाचे गाव मात्र पुसले गेले. त्या मालिकेसाठी घरोघर जमणाऱ्या मुलांना कोणी सांगितले नाही, की बाळांनो, हा राजा आपल्या शेजारचा.

आता ती गोष्ट आठवा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू राजाला रोज एक फळ आणून देतो. फळात रत्न असते. राजा ऋणात सापडतो. मग भिक्षू काम सांगतो: मसणात झाडाला एक प्रेत लटकले आहे, ते घेऊन ये. राजा जातो. प्रेतात वेताळ असतो. तो खांद्यावरून गोष्ट सांगतो, गोष्ट संपताच प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. पुन्हा फेरा, पुन्हा गोष्ट.

जुळवून पाहा. अनामिक गिऱ्हाईक, आणून द्यायची एक वस्तू, काळोखी जागा, मेलेला माणूस, आणि त्याच्यापाशी गोष्टींची रास. चोरांच्या जागी राजा घातला आणि कॅसेटीच्या जागी प्रेत ठेवले, की झाले. २०१२ च्या मंडळींनी आपली पंचविशी वाचली होती असा आमचा दावा नाही. भीतीचे साचेच थोडे आहेत आणि ते सगळ्यांना सापडतात, एवढेच.

पण सापडलेल्या हस्तलिखिताचीही कथा पैठणचीच आहे. ह्या साऱ्या गोष्टींचा मूळ ग्रंथ 'बृहत्कथा'. तो आज उपलब्ध नाही. कथासरित्सागरातली दंतकथा सांगते, की सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य हा पैज हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या अरण्यात त्याला काणभूती नावाचा पिशाच्च भेटला. त्याच्या तोंडून ऐकलेल्या कथा गुणाढ्याने पैशाची भाषेत लिहून काढल्या. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. सात लाख श्लोक झाले. ते त्याने राजाकडे पाठवले. राजाने भाषा पाहून आणि रक्त पाहून नाक मुरडले. मग गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचे आणि आगीत टाकायचे. ऐकायला रानातली जनावरे भोवती गोळा झाली आणि चरायची विसरली. इकडे राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले, तो आजारी पडला, चौकशी झाली, आणि राजा धावत डोंगरावर गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. हाती लागले ते एक लाख.

पिशाच्चाची भाषा, रक्ताची लिपी, अर्धवट उरलेली पोथी! हॉलिवूडच्या एखाद्या निर्मात्याला ही कल्पना ऐकवली, तर तो त्याच दिवशी करारपत्र पुढे करील.

मुंग्या, रेघा आणि खरखर

आता कॅसेटच का? भुतांना राहायला हीच जागा का आवडावी? ज्या घरात ह्या यंत्राबरोबर दहा-पंधरा वर्षे काढली गेली, त्या घराला हे चटकन पटेल.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने ही कॅसेट १९७६ मध्ये बाजारात आणली. अर्ध्या इंचाची, लोहकणांचा लेप दिलेली प्लॅस्टिकची फीत. यंत्रात एक तिरके बसवलेले गोल डोके, आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस फेरे घेणारे. त्याच्यावरून फीत सरकायची आणि तिच्यावर तिरक्या रेघांत चित्र उमटायचे. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टी.व्ही. आला, आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. विकत घेणे थोड्यांनाच परवडे. बाकीच्यांनी भाड्याने आणला. गल्लीतून वर्गणी काढायची, यंत्र आणि तीन कॅसेटी आणायच्या, सतरंज्या टाकायच्या आणि सकाळी यंत्र परत करण्याआधी तिन्ही सिनेमे संपवायचे. पहिला देवाधर्माचा, आजीसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा, मुले झोपली अशी मोठ्यांची समजूत झाल्यावर, रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर' (१९८४) अनेकांनी पाहिला तो पांघरुणाच्या फटीतून.

आपल्या शहराचे ह्या युगाशी निराळेच नाते. टी.व्ही. सेंटर नावाचा भाग आजही सिडको-हडकोकडे आहे. धूत मंडळींच्या व्हिडिओकॉनचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला उभा राहिला, म्हणजे त्रिविक्रमसेनाच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरच. त्या कारखान्यातल्या टी.व्ही. संचांनी देशभरच्या दिवाणखान्यांत जागा मिळवली आणि इथल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. त्या पडद्याकडे पाहून आज कोणाला गोड आठवणी येतात, तर कोणाला थकलेला पगार आठवतो. जुन्या काळाची हौस म्हटली की दोन्ही आले.

असो. ती कॅसेट प्रत्येक वेळी लावली की थोडी झिजायची. नकलेची नक्कल काढली की चेहरे पुसट व्हायचे. पडद्यावर मुंग्या यायच्या, मधूनच चित्र गुंडाळायचे, आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. आणि सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे एका चित्रावर दुसरे चित्र घेतलेली फीत. क्रिकेटची मॅच घ्यायला कोरी कॅसेट नसायची, मग कोणी तरी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून हातात येईल ती कॅसेट वापरायचा. मॅच संपायची, क्षणभर मुंग्या यायच्या, आणि एकदम कोणाच्या तरी लग्नातली पंगत पडद्यावर उगवायची. त्यातली निम्मी माणसे एव्हाना देवाघरी गेलेली. आजोबा कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवताहेत, जिलबी नको म्हणताहेत. घरात क्षणभर कोणी बोलत नसे. ह्यापेक्षा भुताची निराळी व्याख्या आम्हांला करता येणार नाही.

म्हणून त्या रेघा आणि ती खरखर पडद्यावर दिसली, की आपले मन आपोआप विश्वास ठेवते. देखणे चित्र पाहिले की आपण म्हणतो, कोणी तरी सजवले आहे. खराब चित्र पाहिले की म्हणतो, हे खरे असणार. खोटे असते तर इतके वाईट का काढले असते? ह्या चित्रपटांचे भांडवल ते हेच. शिवाय जुन्या काळात खिशात मोबाईल नाही. संकटात सापडलेल्याला वाट विचारता येत नाही, कोणाला बोलावता येत नाही. कथाकाराची मोठीच सोय.

'खरोखर घडलेले'

विश्वास बसवण्याचा हा उद्योग जुना आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी सारी रोजनिशा, पत्रे आणि तारा ह्यांचीच बनलेली आहे. रुग्गेरो देओदातो ह्या इटालियन दिग्दर्शकाने १९८० मध्ये जंगलात सापडलेल्या फितीचा एक चित्रपट केला, तो इतका खरा वाटला की खुनाच्या आळातून सुटण्यासाठी त्याला आपले नट जिवंत असल्याचे दाखवून द्यावे लागले. १९९९ च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांनी तर आपले तीन कलाकार बेपत्ता असल्याचीच हूल उठवली. पुष्कळ प्रेक्षकांनी ती खरी मानली आणि चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या.

हे झाले परक्यांचे. आपल्याकडे दिबाकर बॅनर्जींनी २०१० मध्ये 'लव्ह सेक्स और धोखा' काढला. तीन कथा: एक हातातल्या कॅमेऱ्यातून, एक दुकानातल्या पहारा-कॅमेऱ्यातून, एक लपवलेल्या कॅमेऱ्यातून. भूत एकही नाही. पण पहिल्या कथेत जातीच्या अभिमानापायी पळून गेलेल्या जोडप्याचे जे होते, ते पाहून अंगावर काटा येतो, कारण तसल्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचत असतो. पुढच्याच वर्षी पवन कृपलानींचा 'रागिनी एमएमएस' आला. नाव घेताना संकोच व्हावा असा. पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी. त्या आडबाजूच्या घरातले भूत मराठी बोलते, आणि ते आहे चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या एका बाईचे. आपण चेटकीण नाही, एवढेच तिला सांगायचे आहे. अशा बायका गोष्टींपुरत्या नाहीत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

आणि २०२४ मध्ये वर्तुळ पुरे झाले. 'व्ही/एच/एस' मालिकेच्या त्या वर्षीच्या भागात विराट पाल ह्या दिग्दर्शकाची एक कथा थेट मुंबईत घडते. नटनट्यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणारे दोघे छायाचित्रकार एका प्रख्यात तारकेच्या मागावर चित्रीकरणाच्या जागेत घुसतात, आणि तिथे जे सापडते ते माणसाचे नसते. वेताळ सातासमुद्रांपलीकडे जाऊन, कॅसेटमध्ये बसून महाराष्ट्रात परत आला.

शेवट कापलेली फीत

इथवर सारे मौजेचे. आता जे सांगायचे आहे त्यात मौज नाही.

हे चित्रपट 'हे खरोखर घडले' म्हणतात, तेव्हा त्यांच्यात आणि आपल्यात एक करार असतो. तिकीट काढलेले असते, शेवटी नावे येतात, दिवे लागतात, आपण घरी जातो. फीत जेव्हा तिकिटाशिवाय, नावाशिवाय आणि दिव्यांशिवाय आपल्या खिशातल्या फोनवर येते, तेव्हा तो करार नसतो. तेच हलते चित्र, तेच वाईट छायाचित्रण, तोच 'कोणी तरी चोरून टिपलेले' असा आव. आणि खाली ओळ, सर्वांना पाठवा.

२०१८ मध्ये अशी एक फीत देशभर फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पसार होतात, असे तीत दिसे. मुले पळवणारी टोळी आली, सावध राहा, असा मजकूर तिच्याबरोबर. मूळ फीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कोणी तरी कापला होता. मोजक्या सेकंदांचाच तो तुकडा. पण त्याच्यावाचून जनजागृतीची भयकथा झाली.

त्या वर्षीच्या अफवांच्या लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, भिक्षा मागत हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने मारून टाकले. मुले पळवणारे समजून. ते आले होते पोटासाठी. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि जमावाने तिथेच त्यांचा जीव घेतला. ते घडत असताना पाहणाऱ्यांनी फोनवर चित्रणही केले. ती फीत खरी होती. तिच्यात सजवलेले काही नव्हते.

आम्ही हे दिवाळीच्या दिवसांत लिहिले म्हणून कोणी रागावू नये. भुताच्या गोष्टीचे काम घाबरवणे हे आहेच. पण कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, हे शिकवणे हेही तिचे काम आहे. इथे पुन्हा पैठणचा राजा उपयोगी पडतो.

पंचविशीची नीट आठवण करा. वेताळ गोष्ट सांगून थांबत नाही. प्रत्येक गोष्टीनंतर तो राजाला विचार करायला लावतो: ह्यात अपराध कोणाचा? खरा हक्क कोणाचा? राजा दर वेळी उत्तर देतो आणि दर वेळी परत जातो. शेवटच्या गोष्टीचे उत्तर त्याला येत नाही, तो गप्प राहतो, आणि मग वेताळ प्रसन्न होऊन त्याला एक गुपित सांगतो: हे प्रेत आणायला तुला ज्याने पाठवले, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साऱ्या रात्रीच्या पायपिटीचे सार त्या एका वाक्यात आहे. प्रेताला भिऊ नकोस. तुला पाठवणारा कोण आणि त्याला काय हवे, ते पाहा.

मालिकेतले चोर हा प्रश्न विचारीत नाहीत, म्हणून मरतात. राजा तो ऐकून घेतो, म्हणून वाचतो. फोनवर 'सापडलेली' फीत आली, की घरातल्या मुलांना वेताळाचे प्रश्न विचारायची सवय लावावी. हे कोणी टिपले? कुठे आणि केव्हा? आधी काय झाले, नंतर काय झाले? शेवट कुठे आहे? आणि मला हे कोणी पाठवले, त्याला त्यात काय मिळते? उत्तर ठाऊक नसेल तर राजाने केले तेच करावे. गप्प राहावे. पुढे ढकलू नये.

कपाटावरची पिशवी

जाता जाता एक घरगुती काम. दिवाळीची साफसफाई करताना कपाटावरून एक पिशवी निघाली असेल. तीत पाच-सात काळ्या कॅसेटी, पाठीवर शाईने लिहिलेली नावे, निम्मी पुसलेली. मुंज, लग्न, बारसे, कोणाची तरी साठी. यंत्र केव्हाच भंगारात गेले. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ च्या जुलैत ते बनवणे थांबवले. फितीवरचा लेप दोन-तीन दशकांत क्षीण होऊ लागतो, म्हणजे १९९० च्या आसपासच्या लग्नाची मुदत भरत आली म्हणायची.

त्या फेकू नका, आणि उसन्या यंत्रात घालून घाईने लावूही नका. आधी खिडकीतून फीत पाहा. तिच्यावर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणत्याकडून साफ करून घेतल्याशिवाय यंत्रात घालू नये. फीतही तुटते आणि यंत्राचे डोकेही खराब होते. बुरशी नसेल तर संगणकात उतरवून देणारे लोक अजून आहेत. दोन प्रती काढाव्या आणि दोन घरी ठेवाव्या. कॅसेटी उभ्या ठेवाव्या, दमट जागेपासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर. मराठवाड्याची कोरडी हवा त्यांना मानवते, हे आपले नशीब.

आणि उतरवून झाल्यावर एक संध्याकाळ काढून घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. पंगतीतला हा कोण, ती नऊवारीतली बाई कोण, मागे उभा राहून रडतो आहे तो मुलगा कोण, हे विचारून वहीत टिपून घ्या. चित्र राहते आणि नावे जातात. मग ती माणसे पडद्यावर असूनही अनोळखी होतात. गुणाढ्याच्या डोंगरावर राजा पोहोचला तेव्हा एक लाख श्लोक शिल्लक होते. आपल्या पिशवीत किती आहेत, ते भाऊबीजेला सगळे जमतील तेव्हा मोजून पाहावे.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो. रात्री पाणी प्यायला उठाल तेव्हा दिवा लावून उठावे.